दगडाची कूस

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आबांना संग्रामचा शि. सा. न. वि. वि.

पण आबा, पैसे बँकेत नुसते पडूनच राहायचे तर मी पाठवतो कशाला? ताईनं काल फोनवर सांगितलं, फेब्रुवारीपासूनचा एक रुपया तुम्ही काढलेला नाही. पत्रा गळतोय तो गळतोयच. वर म्हणालात म्हणे, की पळून गेलेल्या हाताची कमाई आपल्या घरात चालत नाही. मी पळून आलेलो नाही. तुम्ही बारामतीला लग्नाला गेला होता, माझं विमान मंगळवारचं होतं आणि तुम्ही आलात बुधवारी. हे मी आता कितव्यांदा सांगतोय ते ताईला विचारा. तोंडावर सांगून गेला नाही त्याच्याशी तोंडानं बोलणार नाही, ही तुमची शिक्षा मी निमूट घेतली. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला पत्रं लिहायला लावलीत, तेही चालेल. कागदावर लिहितो, फोटो काढून ताईच्या फोनवर टाकतो, ती तुम्हाला वाचून दाखवेल. (वरचं शि. सा. न. तिनंच सांगितलं. त्याचं पूर्ण काय होतं ते मला विचारू नका.)

तुम्ही ताईला विचारलंत ना, की तो तिथं करतो तरी काय, रस्ते झाडतो का. तर ऐका.

मी एका घरावर काम करतो. घर इंग्लंडचं आहे आणि उभं आहे अमेरिकेत. नाव थॉर्नकोट. चारशे वर्षं ते इंग्लंडातल्या एका खेड्यात, मेंढरांच्या कुरणाच्या कडेला होतं. १९२६ साली इथल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला ते आवडलं. आपल्याला घर आवडलं तर आपण त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढतो. यानं घरच उचललं. दगड न् दगड सुटा करून पाठीवर रंगानं नंबर घातले, गवतात गुंडाळून पेट्यांत भरले, पेट्या बोटीत, बोटीतून रेल्वेत, आणि इथं जंगलात आणून पुन्हा एकावर एक चढवले. परवा मी आतल्या बाजूनं एक दगड मोकळा केला तर त्याच्या पाठीवर ४१७. आकडा इतका वळणदार की वाटलं शाळेतल्या गुरुजींनी घातलाय.

भिंत दोन हातांहून जाड. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, मध्ये गोटे आणि चुना, आपल्या किल्ल्यांच्या बुरजाला असतो तसा. दगड मधाच्या रंगाचा, संध्याकाळी तर खावासा वाटतो. खिडक्यांना मध्ये दगडाचेच उभे दांडे आहेत, आणि खिडकीवर दगडाची एक पट्टी पुढं काढून दोन्ही टोकं खाली वळवलीत, म्हणजे पाऊस काचेवर न येता बाजूनं गळून जातो. मी त्यांना खिडकीच्या भुवया म्हणतो. रुहीला ते नाव फार आवडलं.

रुही म्हणजे आमची साहेब. मी ज्या प्रसन्नकाकांच्या तळघरात राहतो त्यांची मुलगी. काका नागपूरचे, कॉम्प्युटर कंपनीत आहेत. रुही इथंच जन्मली, जुनी घरं दुरुस्त करायचं शिकली. किल्ल्यावर आम्ही चुना मळत होतो तेव्हा पाहायला आली होती तीच ही. मराठी बोलते, पण सगळ्यांना अरे-तुरे करते, स्वतःच्या मामालासुद्धा. मला पहिल्या दिवशी म्हणाली, की तू फार चांगली चुना करतोस.

चुना कशाला, तर घर इथं उभं करताना त्या लोकांनी सांधे सिमेंटनं भरले. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, मग दगड पाणी पिऊन भुसभुशीत होतो. आता सिमेंट काढायचं आणि चुना भरायचा. मी चुन्यासाठी आलो. पण ऑगस्टमध्ये आमच्या गवंड्याचं, अर्नीचं, नातवाबरोबर खेळताना मनगट मोडलं, आणि मोठ्या खिडकीखालचे दगड कोण बसवणार असं रुहीनं विचारलं. मी म्हटलं मला येतं. सहा दिवसांत चौदा दगड बसवले आबा! व्यापाऱ्याच्या वेळचे काही दगड पेट्यांत उरले होते, शंभर वर्षं गोठ्यात पडून. तेच वापरतोय, कारण इंग्लंडातली ती खाण बंद झाली. मजा म्हणजे त्याची एक बाजू जन्मजात सपाट असते. टाकीनं घडवायला जवळजवळ लागतच नाही. सपाट बाजू बाहेर घेतली की तोंड तयार. रुही रोज विचारते बेड बरोबर आहे ना, मी म्हणतो एकदम.

थंडी पडली की चुन्याचं काम बंद. त्याच्या आत ही भिंत उभी राहिली तर रुही माझा व्हिसाचा कागद वाढवायचा अर्ज करणार आहे. तो डिसेंबरात संपतोय. आता तरी म्हणा, की पोराला काम येतं.

ताईला नमस्कार, भाच्यांना पापे. लोभ असावा असं लिहितात. माझ्यावरचा लोभ तरी बँकेत अडकवून ठेवू नका.

तुमचा
संग्राम


लोणंद
१७ सप्टेंबर २०२४

चि. संग्राम यास,

आबांचा आशीर्वाद. आशीर्वाद द्यायला मी बोलतोच असं नाही, तो आपोआप जातो. लिहितेय सुवर्णा, सांगतोय मी.

पत्र तीनदा वाचून घेतलं. (चारदा. रात्री जेवताना आणखी एकदा. मी, सुवर्णा.) पत्र्याचं तू बोलू नकोस, पत्र्याखाली मी राहतो. बुधवारचंही बोलू नकोस. तिकीट काय मंगळवारी सकाळी झाडाला लागलं? महिनाभर खिशात होतं.

आता घराचं. तू लिहिलंस भरपूर आणि सांगितलंस थोडं. दार कुठल्या दिशेला? चूल कुठं आणि तिचा धूर कुठून जातो? छपरावर काय घातलंय? भिंत दोन हात जाड आणि मध्ये गोटे, तर बाहेरच्या दगडाला आतल्याशी बांधलंय कशानं, की दोघे नुसते शेजारी उभे आहेत? चारशे वर्षं उभं म्हणजे आडवा लांब दगड मध्ये मध्ये घातलेला असणार, बघ. आणि माणसं चपला कुठं काढतात? व्हरांडा दिसत नाही तुझ्या चित्रात. (आबांना मी सांगितलं की ते लोक चपला काढत नाहीत. ते म्हणाले, म्हणूनच घर उचलून न्यावं लागलं. काय म्हणायचं होतं देव जाणे.)

नंबर घालून नेलेलं मला पटलं. तो व्यापारी कोण का असेना, नंबर घालणारा गवंडी होता.

रुहीला सांग, भुवया हा शब्द आमच्याकडून फुकट.

बाकी इथं बरं. हायवेला परवा एका पुण्याच्या गाडीनं पाटा-वरवंटा घेतला. बाईंना विचारलं रोज वाटता का, तर म्हणाल्या हॉलमध्ये शोभेला ठेवणार आहे. मी टाकी नीट लावून दिली तरी. शोभेला असला तरी पाटा तो पाटा.

एक गोष्ट सुवर्णानं वाचली तेव्हापासून माझ्या डोक्यात खडा टोचावा तशी टोचतेय. एक बाजू जन्मजात सपाट, असं तू लिहिलंस. आपला काळा दगड सगळीकडून सारखा. त्याला डोकं नाही, पाय नाहीत, कसाही ठेवा. जन्मजात सपाट बाजू असते शहाबादी फरशीच्या दगडाला. मी तुझ्या वयाचा असताना शहाबादजवळ वाडीच्या खाणीवर दोन हंगाम काढलेत, शहाबादी मला माहीत आहे. वहीची पानं असावीत तसे थर असतात त्याचे. खाणीत तो ज्या कुशीवर निजलेला असतो त्याच कुशीवर भिंतीत निजवायचा. उभा केलास तर पावसापावसानं पानं सुटतात, पापडाचे पापुद्रे सुटतात तशी.

तुझ्या मधाच्या दगडाला रेघा आहेत का? असतील तर भिंतीत त्या आडव्या आहेत की उभ्या? पाणी मारून बघ, ओल्यावर दिसतील. आणि मला कळव.

हाताला जप. थंडीत टाकी धरायच्या आधी हात शेकत जा.

आबा
(आणि सुवर्णा. तुला आबा खोकतात का विचारायचं असेल तर, हो, खोकतात. डॉक्टरकडे जात नाहीत. तुझ्यावर गेलेत.)


कॅरी
२६ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आबांना शि. सा. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं शोधताना मी घरभर हिंडलो, अगदी छपरात शिरलो. अर्नी मनगटाला पट्टा बांधून खाली उभा होता, मला वेडा म्हणाला असावा.

छपरावर कौलं नाहीत. दगडाच्याच चपट्या फरश्या आहेत, लाकडी खुंटीवर अडकवलेल्या. प्रत्येक फरशीला वर एक भोक, त्यात ओक लाकडाची खुंटी, आणि ती आडव्या पट्टीला टांगलेली. सगळं छप्पर नुसतं टांगलेलं आहे आबा, दोरीवर कपडे टांगतात तसं. आणि खालच्या ओळीतली फरशी दाराएवढी, वर जाता जाता लहान लहान होत शेंड्याला हाताच्या पंजाएवढी. रुही म्हणते खाणीतून मोठ्या कमी निघतात, लहान जास्त, म्हणून काहीच वाया घालवलं नाही. आणि वजन खाली भिंतीवर राहतं. मला वाटतं पाणीही खाली जास्त येतं, तिथं सांधे कमी हवेत. तुम्हाला काय वाटतं?

चूल भिंतीतच आहे. आत मी उभा राहू शकतो. धुराडं वर अरुंद होत जातं. आणि आडवे लांब दगड आहेत, तुम्ही म्हणालात तसे! दर चार-पाच हातांवर एक, बाहेरून आतपर्यंत आरपार. मी इतके दिवस तिथं काम करतोय आणि मला ते दिसले नव्हते.

दाराची तर गंमतच. इंग्लंडात दार आणि मोठी खिडकी दक्षिणेला होती, कारण तिथं ऊन कमी, सगळी खिडकी उन्हासाठी. इथं रस्ता उत्तरेला म्हणून त्यांनी अख्खं घर फिरवून उत्तरेला तोंड करून बांधलं. एवढे नंबर घालून नेलं आणि दिशा विसरले. भरदुपारी दिवाणखान्यात दिवा लावावा लागतो. रुहीचे वडील, प्रसन्नकाका, एकदा बघायला आले तर वास्तुदोष म्हणून हसत सुटले. रुहीची आई, शरयूकाकू, म्हणाल्या, आपण तरी काय, नागपूरचं सामान उचलून आणलं आणि इथं रस्त्याकडे तोंड करून मांडलं.

चपला माणसं दाराबाहेर नाहीच काढत. पण दाराशी जमिनीत एक लोखंडी पट्टी आहे, बुटाचा चिखल खरवडायला.

खोकल्याचं बघा. डॉक्टरवर रागवायचं कारण नाही, तो कुठं पळून गेलेला नाही.

तुमचा
संग्राम


(वेगळा कागद)

ताई,

हा कागद आबांना वाचू नकोस.

त्यांचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी डबा तसाच ठेवून बादली घेऊन भिंतीशी गेलो. पाणी मारलं. रेघा आहेत. चौदाच्या चौदा दगडांत उभ्या. जुने दगड बघितले, एकूण एक आडव्या. मी जी सपाट बाजू बाहेर घेतली ती दगडाची निजायची कूस होती. म्हणजे मी चौदा वह्या पानं रस्त्याकडे करून उभ्या केल्या. आज छान दिसतात. दहा-बारा हिवाळे गेले की पान पान गळून पडेल.

आणि ऐक, रुही रोज विचारायची बेड बरोबर आहे ना. इंग्रजीत दगडाच्या त्या कुशीला बेड म्हणतात, हे मला आता कळलं. मला वाटायचं ती खालच्या चुन्याच्या थराबद्दल विचारतेय, दगड मालावर नीट बसलाय ना. तो एकदम बरोबर होता. मी हो म्हणायचो, ती कागदावर खूण करायची. घर ज्यांच्या ताब्यात आहे त्या ट्रस्टच्या लोकांना फोटो काढून पाठवलेत तिनं, खाली तिची सही आहे.

कुणाला कळलेलं नाही. अर्नीचं लक्ष नाही. सांगितलं तर काय होईल ते तुला सांगतो. दगड काढताना फुटले तर पेटीत मोजके उरलेत, खाण बंद. थंडीच्या आत भिंत पुरी होणार नाही. भिंत नाही तर कागद नाही, आणि मी डिसेंबरात घरी. मीच एकटा नाही, माझ्यासाठी ज्यांच्याकडे शब्द टाकला त्या ट्रस्टपुढं रुहीचीही मान खाली जाणार. नाही सांगितलं तर काहीच होत नाही. दहा वर्षांनी मी कुठं आणि भिंत कुठं.

पण रोज सकाळी गाडीतून उतरलो की पहिले ते चौदा दिसतात.

आबा मला अर्धशिक्षित हाताचा म्हणायचे ना. आता त्यांना काय लिहू? म्हणून छप्पर लिहिलं. तू काय म्हणतेस ते लगेच लिही. फोन करू नकोस, तळघरात वरचं सगळं ऐकू जातं, म्हणजे खालचंही जात असणार.

संग्या


लोणंद
२ ऑक्टोबर २०२४

चि. संग्यास,

अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

मी तुझा वेगळा कागद वाचून दाखवला नाही. शप्पथ. पहिलं पत्र वाचून संपवलं, आबा छपराचं ऐकून खुश झाले, फरशा लहान का होत जातात त्यावर अर्धा तास बोलले. मग म्हणाले, यानं न विचारलेलं सगळं लिहिलं आणि विचारलेलं एक लिहिलं नाही. किती दगड आहेत तेवढं विचार. मी म्हटलं चौदा, त्यानंच लिहिलंय. तर उठून बाहेर गेले, आणि जात्याला टाकी लावत बसले ते दिवेलागणीपर्यंत. ते जातं कुणी मागितलेलं नव्हतं.

माझं विचारशील तर, तू मला विचारलंस तेव्हाच तुझं ठरलं होतं. लपवायचं असतं तर मलाही लिहिलं नसतंस. तुला फक्त कुणीतरी ढकलायला हवं होतं, विहिरीत उडी मारताना लागायचं तसं. घे ढकललं. आता खाली आबांचं. सकाळी सहाला मला उठवून सांगितलंय, आंघोळही करू दिली नाही.

संग्राम,

दगड बसवायला मी तुला शिकवलं. बसवलेला दगड काढायला शिकवायचं राहिलं, तोवर तू गेलास. तर आता ऐक.

पहिलं, चुना किती दिवसांचा झाला? दीड महिना म्हणजे अजून कच्चा आहे. सिमेंट असतं तर तुझी काही धडगत नव्हती. चुना माणसाला थोडी मुदत देतो. दुसरं, ठोकायचं नाही. ठोकलंस की पापुद्रा सुटलाच. सांध्यातला चुना आधी दोन दिवस ओल्या गोणपाटानं भिजत ठेव, मग पातळ पट्टीनं कोरून काढ, करवतीसारखी पुढं-मागं. वरून खाली यायचं. एका वेळी एक दगड काढायचा, त्याच्या शेजारचा काढायचा नाही, एक सोडून एक. जागा मोकळी झाली की वरच्या दगडाला लगेच लाकडी पाचर, लोखंडाची नको. दगड बाहेर ओढताना तुझं वजन मागे टाकू नकोस, त्याला स्वतःहून येऊ दे. खाली गवताची गादी.

बाहेर आल्यावर प्रत्येकाच्या खालच्या कुशीवर कोळशानं खूण कर. डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, तुझ्या तर नाहीच.

फिरवल्यावर माप बदलेल. उंचीचा खोल होईल, खोलीचा उंच. चौदा एकदम जमिनीवर मांडून बघ, भिंतीत बसवायच्या आधी. आपसात अदलाबदल करून निम्मे तरी जमतील.

हे सगळं करायच्या आधी त्या पोरीला सांग. सही तिची आहे. तिला दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये.

आणि धंद्याची एक रीत आहे, ती तुला माहीत असेल नसेल. चुकलेल्या दगडाची मजुरी घ्यायची नसते.

आबा


कॅरी
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबांना शि. सा. न. वि. वि. (पूर्ण काय ते शरयूकाकूंनी सांगितलं. मी आजवर साष्टांग घालत होतो आणि मला माहीतच नव्हतं.)

महिनाभर पत्र नाही म्हणून ताई ओरडली. हातात कोरणी होती आबा, पेन धरवत नव्हतं.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी गाडीत रुहीला सांगितलं. निघतानाच सांगितलं, म्हणजे चाळीस मिनिटं तिला गाडी सोडून जाता येणार नव्हतं. साइटवर उतरली, स्वतः बादली आणली, पाणी मारलं, आणि चौदा दगडांपुढं मांडी घालून बसली. मग इंग्रजीत जे बोलली त्यातलं निम्मं मला कळलं, निम्मं बरं झालं कळलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच. स्वतःला बोलत होती. तिनंच रोज विचारलं होतं आणि रोज खूण केली होती, आणि एकदाही वाकून बघितलं नव्हतं. थोड्या वेळानं मला विचारलं, की तुमच्याकडे बेडला काय म्हणतात. मी म्हटलं कूस. तिनं वहीत मराठीत लिहून घेतलं, क ला दीर्घ ऊकार बरोबर दिला.

ट्रस्टच्या चार म्हाताऱ्या माणसांपुढं आम्ही दोघे गेलो. तिनं दोघांची नावं सांगितली, आधी स्वतःचं. एक बाई रागावल्या, या वर्षीचे पैसे संपत आलेत म्हणाल्या. एका आजोबांनी विचारलं, की कुणालाच दिसलं नाही तर हे कळलं कसं. रुहीनं सांगितलं, की लोणंदला यांचे वडील आहेत, त्यांना घर न बघता कळलं. आजोबांनी लोणंद कुठं आहे ते फोनवर काढून बघितलं.

मग कामाला लागलो. गोणपाट इथं मिळेना, शेवटी कॉफीच्या दुकानातून बियांची पोती आणली. सगळी भिंत चार दिवस कॉफीचा वास मारत होती. एक सोडून एक, वरून खाली, लाकडी पाचरी. अर्नीनं एका हातानं पाचरी तासून दिल्या, ओकच्याच. पहिला दगड सुटायला आख्खा दिवस गेला. तो स्वतःहून आला तेव्हा मी आणि अर्नी दोघांनी एकदम श्वास सोडला. सातवा फुटला. मधोमध, पुस्तक उघडावं तसा. मी ठोकला नव्हता आबा, पण फुटला. त्या रात्री जेवलो नाही. बाकी तेरा शाबूत आले.

जमिनीवर मांडले, कोळशानं खुणा केल्या, अदलाबदल केली. आठ आपसात जमले. पाचांना टाकी लावावी लागली. एक पेटीतला घेतला, त्याच्या पाठीवर ६०२ होतं. आता चौदाही निजलेत. पाणी मारून रुहीनं बघितलं, अर्नीनं बघितलं, मग मला बाजूला करून पुन्हा रुहीनं बघितलं. माझ्या शब्दावर आता कुणी खूण करत नाही, आणि तेच बरं आहे.

भिंत पुरी झाली नाही. वरचे तीन थर राहिले. परवा पहिलं दव गोठलं, चुना बंद. वर ताडपत्री बांधलीय, काम मार्चमध्ये. माझ्या कागदाचा अर्ज रुहीनं भरला, ट्रस्टनं सही केली की नाही ते अजून कळलेलं नाही. आजोबा हो म्हणतात, त्या बाई नाही. डिसेंबरात कदाचित मीच तुमच्या गळक्या पत्र्याखाली बसलेला असेन. तेव्हा आधी सांगून येईन.

आता मजुरीचं. रीत मला माहीत नव्हती. चौदा दगड चुकीचे बसवले त्या सहा दिवसांचे पैसे परत घ्या, असं मी रुहीला सांगितलं. ती म्हणाली कायद्यात बसत नाही. काम केलं की पैसे द्यावेच लागतात, चुकीचं केलं तरी. मी म्हटलं मग ते पुन्हा बसवल्याचे नका देऊ. तेही बसत नाही. तीन दिवस आमचं भांडण चाललं. इथं माणसाला मजुरी नाकारता येत नाही आबा, त्यासाठी कागदच नाही.

मग मी विचार केला. रीत अशी, की चुकलेल्या दगडाची मजुरी ज्यानं चूक केली त्याची नाही. ठीक. पण मजुरी तर निघाली, ती कुणाची तरी असणारच. मी रुहीला विचारलं, की तुमच्याकडे लांबून चूक दाखवणाऱ्याला काही देतात का. ती म्हणाली देतात तर, त्याला कन्सल्टंट म्हणतात आणि तो सगळ्यांत जास्त घेतो.

म्हणून नेहमीचे घरखर्चाचे मी या महिन्यात पाठवलेलेच नाहीत. ते तुम्ही काढत नाही, राहू दे, मी भांडणार नाही. हे वेगळे आहेत. ही पळून गेलेल्या हाताची कमाई नाही, माझी तर नाहीच. थॉर्नकोट नावाच्या घराच्या चौदा दगडांची तुमची मजुरी आहे, आणि मजुरी बँकेत पडू देणारा पाथरवट मी अजून पाहिलेला नाही. ताईला घेऊन जा, सही करा, काढा. त्या सहा दिवसांचे टॅक्स कापून हजार अठ्ठावन्न डॉलर, म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार आठशे बहात्तर रुपये.